ग्वाल्हेरच्या वनमालाबाई आणि आपल्याला हवी असलेली आई

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत सध्या वनमालाबाईंचा विषय पुन्हा निघाला आहे. ग्वाल्हेरच्या या अभिनेत्रीची शहरात काहीतरी कायमची आठवण असावी, एखाद्या सभागृहाला नाव द्यावं किंवा निदान एक फलक तरी लावावा, अशी सूचना आली आणि पाठोपाठ दोन तट पडले. ज्येष्ठांचं म्हणणं, फलकावर ‘श्यामची आई’ एवढं लिहिलं की पुरे. मराठी मनातल्या आईला बाईंनी चेहरा दिला, यापलीकडे आणखी काय सांगायचं? तरुणांचं, विशेषतः मुलींचं म्हणणं, याच आईचा दाखला देऊन आमच्या आज्यांना आणि आयांना आयुष्यभर सोसायला लावलं. कुढत, राबत, झिजून मरणारी बाई आदर्श म्हणून पुन्हा भिंतीवर कशाला टांगायची? बोलणारी माणसं दोन्हीकडे प्रामाणिक आहेत. पण इतकं सगळं बोलून झाल्यावरही या वादात वनमालाबाई कुठे आहेत, असा प्रश्न पडतो आणि उत्तर सापडत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. दोन्ही तट एकच चूक करत आहेत. दोघांनीही भूमिकेलाच बाई मानलं आहे. एक गट त्या भूमिकेला हार घालतो, दुसरा तिच्यावर खटला भरतो. ती भूमिका जिनं उभी केली तिचं शिक्षण, तिची नोकरी, तिनं आधी केलेली कामं, नंतर तिनं धरलेली वाट, यांकडे वळून बघण्याची गरज कोणालाच वाटत नाही. स्मारक व्हायलाच हवं. पण ते आदर्श मातेचं नको. शिकलेल्या, स्वतःच्या निर्णयानं नटी झालेल्या आणि दोन भाषांत सारख्याच ताकदीनं उभ्या राहिलेल्या एका कलावतीचं हवं.

वादात कोणी मांडलेली दिसली नाही म्हणून आधी माहिती मांडते. वनमाला हे पडद्यावरचं नाव. मूळच्या त्या सुशीला पवार, जन्म १९१५ चा. वडील कर्नल रावबहादूर बापूराव पवार ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. संस्थानी अधिकाऱ्याच्या मुलीनं तोलामोलाचं स्थळ येण्याची वाट बघायची, असा तो काळ. ही मुलगी बी. ए. झाली, पुण्याला गेली, शाळेत शिकवू लागली. आचार्य अत्र्यांशी परिचय झाला आणि ती बोलपटांत आली. १९४० मध्ये ‘लपंडाव’, लगेच पुढच्या वर्षी सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये रुखसाना. त्याच १९४१ मध्ये अत्र्यांचा ‘पायाची दासी’. मग १९४२ मध्ये ‘वसंतसेना’, १९४४ मध्ये शांतारामबापूंचा ‘परबत पे अपना डेरा’. घरी हे रुचलेलं नव्हतं. ‘श्यामची आई’ आला तो १९५३ साली, म्हणजे पहिल्या बोलपटानंतर तेरा वर्षांनी. ज्या एका कामावरून आपण भांडतो आहोत, त्याच्या आधी इतकं सगळं होऊन गेलेलं होतं.

‘सिकंदर’पाशी जरा थांबायला हवं. पृथ्वीराज कपूर सिकंदर, स्वतः मोदी पोरस. भारदस्त आवाजातले लांबच लांब संवाद, कोल्हापूरकडे चित्रित केलेली हत्तीघोड्यांची लढाई. अशा दोन पुरुषांच्या मधे एखादी नटी सहज झाकली गेली असती. पण कथेचा कणा तपासून बघा. गुरू ॲरिस्टॉटल सिकंदराला बजावतो, की स्त्रीच्या पाशात अडकलास तर जग जिंकणं राहून जाईल. आणि पुढे सिकंदराचा जीव वाचतो तो त्याच स्त्रीमुळे. रुखसाना पोरसाकडे जाते, त्याला राखी बांधते आणि सिकंदराच्या जिवाचं वचन मागून घेते. रणांगणावर वेळ येते तेव्हा पोरस ते वचन पाळतो. दोन राजांच्या गर्जनांमधून जे साधत नाही ते ही एकटी बाई शत्रूच्या गोटात जाऊन साधते. याला प्रेमकथेतली नायिका म्हणून बाजूला सारता येईल का? ही शिष्टाई आहे. आणि हे सगळं महायुद्ध चालू असताना, परकी सत्ता डोक्यावर असताना लोक बघत होते. परक्या विजेत्यासमोर ताठ उभ्या राहिलेल्या पोरसाची गोष्ट सरकारला इतकी झोंबली की छावण्यांच्या भागातल्या चित्रपटगृहांत तिच्या प्रदर्शनाला बंदी झाली. त्या बोलपटाच्या मध्यभागी आपल्या शहरातली एक पदवीधर मुलगी उभी होती. ज्येष्ठांच्या फलकावर याला जागा नाही, आणि तरुणांच्या आक्षेपातही याचा उल्लेख नाही.

‘वसंतसेना’ तर या वादाला थेट छेद देते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तली ही उज्जयिनीची गणिका देवलांच्या नाटकामुळे मराठी प्रेक्षकाच्या ओळखीची होती, पण रंगभूमीवर तिला वर्षानुवर्षं पुरुषांनीच रंगवलं होतं. पडद्यावर ती वनमालाबाईंनी केली. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानातलंच गाव. संस्थानातल्या एका कर्नलची मुलगी त्याच संस्थानातल्या प्राचीन नगरीची गणिका साकारते, यातलं धाडस आज आपल्याला नीटसं उमगतही नाही. आणि ही भूमिका त्यांना दिली कोणी? अत्र्यांनीच. ज्या अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यांना श्यामची आई केलं, त्यांच्याच चित्रसंस्थेनं अकरा वर्षं आधी त्यांना वसंतसेना केलं होतं. अत्र्यांना यात काही विसंगती वाटली नाही, वनमालाबाईंना वाटली नाही, आणि ‘श्यामची आई’ बघून डोळे पुसणाऱ्या १९५३ च्या प्रेक्षकालाही वाटली नाही. मग आज आपणच वसंतसेनेला लपवून आईला तेवढं पुढे का करतो?

आता ज्येष्ठांच्या बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं. ते म्हणतात, कलावंताची ओळख लोक ठरवतात, अभ्यासक नव्हे. आणि लोकांनी ‘श्यामची आई’ निवडली. हे खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान या मराठी चित्रपटाला मिळाला. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ रिंगणात होता, त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. यावरून त्या पदकाचं वजन कळावं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली ती आठवणींची रात्रमाला घराघरात आधीच पोचलेली होती. वाचकाच्या मनात आईची एक आकृती पक्की झालेली असताना पडद्यावर उभं राहणं किती जोखमीचं असतं! वाचक म्हणू शकला असता, ही आमची आई नव्हे. तसं झालं नाही. उलट आज माझ्या पिढीला पुस्तकातली आई आठवली की वनमालाबाईंचाच चेहरा समोर येतो. हे यश लहान नाही. फलकावर या चित्रपटाचं नाव नको, असं कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूनं उभी राहणार नाही.

पण या म्हणण्यात एक गोष्ट चुपचाप घुसवली जाते. अभिनय चांगला होता, यावरून बाई तशीच होती, असा निष्कर्ष काढला जातो. मग त्यांच्या चेहऱ्यावरच्या ‘सात्त्विकते’चं वर्णन सुरू होतं, जणू ती त्यांनी कमावलेली कला नसून जन्मजात गुण होता. पृथ्वीराज कपूरांनी सिकंदर रंगवला म्हणून कोणी त्यांना जगज्जेते मानलं नाही. त्यांच्या अभिनयाची तारीफ झाली. वनमालाबाईंनी आई रंगवली तर त्यांना आईच करून टाकायचं, आणि अभिनयाबद्दल एक वाक्य बोलायचं नाही? संस्थानी वातावरणात वाढलेली, ‘सिकंदर’मध्ये राजांच्या गोटांत वावरलेली स्त्री कोकणातल्या कर्जबाजारी ब्राह्मण घरातली माउली होते, तेव्हा तिनं चालणं, बसणं, पदर सावरणं, पोराला हाक मारणं, सगळं नव्यानं शोधलेलं असतं. त्या मेहनतीला ‘सात्त्विकता’ म्हणून मोकळं होणं हा गौरव नाही. ते तिच्या श्रमाचं नाव पुसणं आहे.

तरुणांच्या बाजूनं मी जास्त वेळ देणार आहे, कारण त्यांचा राग खरा आहे आणि तो थट्टेवारी नेण्यात ज्येष्ठांनी फार घाई केली. ‘श्यामच्या आईसारखी हो’ हे वाक्य किती घरांत, किती प्रसंगी वापरलं गेलं, हे मराठी बायकांना सांगायला नको. नोकरी सोड म्हणताना, माहेरी जाऊ नकोस म्हणताना, दुखणं अंगावर काढ म्हणताना त्या आईला साक्षीला बोलावलं गेलं. पुस्तकात आणि पडद्यावर ती मरते. तिचं मरण इतकं सुंदर करून सांगितलेलं आहे की ते टळायला हवं होतं, असा विचार मनात यायलाच जागा उरत नाही. घरावरचं कर्ज तिनं केलेलं नाही, पण त्याची नामुष्की तिच्या दारात येऊन उभी राहते. एखाद्या मुलीनं हे बघून विचारलं, की या बाईला कोणी का नाही वाचवलं, तर तो प्रश्न उर्मटपणाचा नाही. उलट तो गुरुजींच्या जातीचा प्रश्न आहे. दुसऱ्याचं दुःख बघून अस्वस्थ व्हायला त्यांनीच तर शिकवलं.

तरीही मला तरुणांना सांगावंसं वाटतं, की ज्या आईवर तुम्ही रागावला आहात ती मूळ गोष्टीत अशी नाही. ती तुमच्या घरच्यांनी गाळून, सौम्य करून तुमच्यासमोर ठेवलेली आई आहे. गोष्टीतली आई श्यामला पोहायला पाठवते. तो भित्रेपणानं माळ्यावर लपतो तेव्हा त्याला शिंपटीनं फोडून काढते, कारण ‘श्याम भित्रा आहे’ असं जगानं म्हणावं, हे तिला सोसवत नाही. आपला मुलगा पापभीरू असावा पण भेकड नसावा, एवढी स्पष्ट जाण तिला आहे. म्हातारी महारीण मोळी खाली पडून हतबल झालेली असते, तेव्हा आई मुलाला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढव. सावकाराचा माणूस ओसरीवर बसून वाटेल ते बोलू लागतो, तेव्हा घरातला पुरुष गप्प असताना ती बाई त्याला सुनावते. ही मान खाली घालणारी बाई आहे का? तिला पैसा नाही, सत्ता नाही, प्रकृतीही साथ देत नाही. पण घरात काय योग्य आणि काय अयोग्य, याचा शेवटचा शब्द तिचा असतो. तिच्यातला सोशिकपणा तेवढा उचलायचा आणि तिचा करारीपणा सोडून द्यायचा, हे काम नंतरच्या उपदेशकांनी केलं. त्याचा हिशेब वनमालाबाईंकडे किंवा गुरुजींकडे का मागायचा?

मी हेही म्हणत नाही की मूळ गोष्टीत सगळं आजच्या मापानं बरोबर आहे. महारणीला मोळी उचलून देणारा श्याम नंतर आंघोळ करून घरात येतो; १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी उपोषणाला बसलेले साने गुरुजी त्या आंघोळीच्या पुष्कळ पुढे गेलेले होते. लेखक स्वतः पुढे जाऊ शकतो, तर वाचकानंही जावं. पुस्तकाशी, चित्रपटाशी भांडावं, जरूर भांडावं. पण ज्या नटीनं ती भूमिका केली तिला त्या भांडणातली आरोपी करू नये. दुर्गा खोट्यांनी ‘पायाची दासी’त सुनेला छळणारी सासू केली; छळ सोसणारी सून वनमालाबाई. म्हणून दुर्गाबाई छळवादी आणि वनमालाबाई दासी झाल्या का? त्या दोघी आपलं काम करत होत्या, आणि ते काम बघून कित्येक सासवांना आरसा दिसला असेल.

स्त्रियांची आठवण जपताना आपण हे नेहमीच करत आलो आहोत, आणि मध्य भारतातल्या मराठी माणसाला त्याची उदाहरणं दूर शोधायला नकोत. इंदूरच्या अहिल्याबाई घ्या. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं त्यांनी राज्य चालवलं; महसूल, न्याय, पेशव्यांशी आणि इतरांशी पत्रव्यवहार, महेश्वरच्या विणकरांना आश्रय, हा सगळा कारभार. आणि आपल्या चित्रांत, पुतळ्यांत त्या दिसतात कशा? हातावर शिवपिंड, नजर खाली. त्यांची भक्ती खरी होती, यात शंका नाही. पण ज्या राज्यकर्त्याच्या हातात लेखणी आणि मोहोर होती, त्याच्या हातात फक्त पिंड ठेवली की ती बाई सोपी होते, पूजेला बरी पडते, तिच्या राज्यकारभारातून काही शिकण्याची जबाबदारी उरत नाही. आपल्याच ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे घ्या. दौलतराव १८२७ मध्ये वारले, त्यानंतर १८३३ पर्यंत संस्थानाची सूत्रं त्यांच्या हाती होती. सावकारी आणि पैशाच्या व्यवहारात त्यांचा हात धरणारा क्वचितच असेल. इंग्रज रेसिडेंटांना त्यांची डोकेदुखी होती. आज लष्करातल्या किती शाळकरी मुलांना त्यांचं नाव माहीत आहे? त्या ना माता म्हणून बसतात, ना संत म्हणून, ना हुतात्मा म्हणून. साच्यात बसत नाही ती बाई विस्मरणात जाते, आणि जी बसते तिला साच्यापुरती कापून घेतात. फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे, तिथं १८५८ च्या जूनमध्ये ती पडली. तिच्या वाट्याला निदान तलवार तरी आली, याचं कारण तिच्या मरणानं दुसरा काही पर्यायच ठेवला नाही. वनमालाबाईंच्या बाबतीत रुखसाना आणि वसंतसेना आपण बायजाबाईंच्या वाटेला पाठवल्या आणि आईला अहिल्याबाईंच्या चौकटीत बसवलं.

या वादात एक तिसरा सूरही आहे. तो फारसा मोठ्यानं बोलत नाही पण दोन्ही तटांत ऐकू येतो. ‘सरदार घराण्यातली मुलगी सिनेमात गेली’ हे सांगताना आवाजात एक विशेष अभिमान येतो. या अभिमानामागे इतिहास आहे, तो मी नाकारत नाही. १९१३ मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना. अखेर ती भूमिका अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’त तीच तारामती दुर्गा खोट्यांनी केली, तेव्हा सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातली बाई पडद्यावर येऊ शकते, हे मराठी मध्यमवर्गानं डोळ्यांनी बघितलं. त्यानं पुढच्या मुलींची वाट थोडी सोपी झाली, आणि ग्वाल्हेरातून पुण्याला गेलेल्या सुशीलेला ती वाट दिसली असेल. पण फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्याच १९१३ साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यापाशी कुठलं वलयांकित घराणं होतं? नाटककंपनीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या त्या मायलेकींनी आधी पाऊल ठेवलं, आणि इतिहास लिहिताना ‘पहिली घरंदाज नटी’ कोण यावर आपण पानं खर्ची घातली. घराण्याचा असा जप करताना आपण नकळत म्हणतो, की घराणं नसलेल्या बायकांचं काम कमी प्रतीचं होतं. आणि खुद्द ज्यांचा गौरव करायचा त्यांनाही हे न्याय देत नाही. दुर्गा खोटे घराची आर्थिक घडी विस्कटल्यावर, दोन मुलांना वाढवायचं म्हणून कामाला उभ्या राहिल्या आणि पन्नास वर्षं काम करत राहिल्या. १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांच्या आडनावाला मिळालेला नाही. वनमालाबाईंना घराण्यानं या वाटेवर पाठवलं नव्हतं, उलट घराण्याच्या मर्जीविरुद्ध त्या गेल्या. मग श्रेय घराण्याला कसं द्यायचं?

एक आक्षेप मात्र असा आहे ज्यानं मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. काही जण म्हणतात, बाईंनी स्वतःच सिनेमा सोडला, पुढे वृंदावनची ओढ लागली, भक्तीच्या मार्गाला गेल्या; ज्या दुनियेकडे त्यांनीच पाठ फिरवली ती त्यांच्या नावावर तुम्ही का चिकटवता? यात त्यांच्या इच्छेचा मान राखण्याची भावना आहे आणि ती चांगली आहे. पण सोडणं म्हणजे नाकारणं, हे कुठून आलं? बालगंधर्वांनी १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’त संत एकनाथ साकारले. त्यावरून कोणी असं म्हणालं का, की आता ‘मानापमान’ नाटकातली त्यांची भामिनी विसरून जा, एकनाथांनी तिचं प्रायश्चित्त घेतलं? पुरुष कलावंत उतारवयात देवाकडे वळला की आपण म्हणतो, आयुष्य परिपक्व झालं. बाई वळली की म्हणतो, मागचं सारं चुकलं म्हणून वळली. वनमालाबाई २००७ मध्ये ग्वाल्हेरातच गेल्या, वयाची नव्वदी ओलांडून. एवढ्या लांब आयुष्यात नोकरी, कीर्ती, निवृत्ती, भक्ती या सगळ्याला जागा असते. त्यांतलं एक खरं ठरवण्यासाठी बाकीची खोटी ठरवायची गरज नाही. त्यांनी एकेक गोष्ट निवडली आणि एकेक सोडली. निवडण्याचा अधिकार त्यांनी १९४० मध्ये वापरला, तोच पुढेही वापरला.

आणि ग्वाल्हेरनं हे सगळं का करायचं? ‘त्या महाराष्ट्राच्या, काम पुण्या-मुंबईत केलं, स्मारक त्यांनी बांधावं’ असंही ऐकायला मिळालं. मला उलट वाटतं की त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट ग्वाल्हेरचीच आहे. आपण घरात मराठी बोलतो, महाराजबाड्यावर हिंदी बोलतो, आणि जुन्या पिढीच्या कागदपत्रांत, शेरोशायरीत, संस्थानी रिवाजात उर्दू मुरलेली होती. पुण्याचे नातेवाईक आपल्या मराठीतले हिंदी वळसे दाखवून हसतात, आणि आपणही ओशाळतो. पण याच मातीतल्या एका मुलीनं १९४१ मध्ये ‘सिकंदर’चे भारी हिंदुस्तानी संवाद मोदी आणि पृथ्वीराज यांच्यासमोर उभं राहून पेलले आणि १९५३ मध्ये पालगडच्या माउलीची मराठी अशी बोलली की महाराष्ट्राला ती आपल्या घरातली वाटली. हे दोन्ही एका गळ्यातून निघणं हा योगायोग नव्हता. दोन भाषांच्या शेजारात वाढल्यानं जो कान तयार होतो, तो त्यांच्यापाशी होता. कृष्णराव पंडितांच्या घराण्याची गायकी ज्या शहरात फुलली, त्या शहराला कानाचं मोल समजावून सांगावं लागू नये. आपली मुलं आज मराठी बोलायला लाजतात आणि हिंदीच्या स्पर्धेत मराठी उच्चार लपवतात; त्यांना सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट माझ्यापाशी नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. फलक लावायचा तर त्यावर ‘आदर्श माता’ लिहू नका. सुशीला पवार हे मूळ नाव लिहा, वनमाला हे पडद्यावरचं नाव लिहा. शिक्षिका आणि अभिनेत्री असं लिहा. ‘लपंडाव’, ‘सिकंदर’, ‘पायाची दासी’, ‘वसंतसेना’, ‘परबत पे अपना डेरा’, ‘श्यामची आई’ ही नावं त्यांच्या सालांसह लिहा. फलकाच्या खर्चाइतकीच धडपड चित्रपट दाखवण्यासाठी करा. त्या काळातली नायट्रेटची फिल्म सडायची, पेट घ्यायची. कितीतरी बोलपटांच्या प्रती कायमच्या गेल्या. जे उरलं आहे ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारून, परवानगी काढून इथं आणता येईल का, हे बघण्याचं काम कोणीतरी अंगावर घ्यायला हवं. आपल्याकडे २००८ पासून राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं संगीत-कला विद्यापीठ आहे, तिथं नाट्य शिकणारी मुलं आहेत. त्यांना ‘सिकंदर’ आणि ‘श्यामची आई’ पाठोपाठ दाखवा, आणि एकच स्त्री दोन्हीकडे कशी वेगळी चालते, वेगळी थांबते, वेगळी ऐकते, यावर त्यांना बोलू द्या. ज्येष्ठांनी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसावं. ज्या मुलींना श्यामच्या आईचा राग आहे त्यांनीही यावं आणि चित्रपट संपल्यावर आपला राग बोलून दाखवावा, कोणी त्यांना मधे तोडू नये. शहरात अजून अशी मंडळी आहेत ज्यांनी वनमालाबाईंना उतारवयात बघितलं, त्यांच्याशी बोलणं केलं. त्यांच्या आठवणी आत्ताच ध्वनिमुद्रित करून ठेवायला हव्यात. फलकाची बैठक आणखी चार महिने लांबली तरी चालेल. ही माणसं थांबणार नाहीत.

आणि फलक मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत हवा. खालच्या ओळीत भाषांतर म्हणून बारीक अक्षरांत नव्हे, दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत, कारण त्या दोन्ही भाषांत तितक्याच मोठ्या होत्या.